पोर्टस्मथचे मेरी रोझ संग्रहालय: अर्ध्या जहाजाचे दर्शन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथ येथे जुन्या नौदल गोदीच्या आवारात उभे असलेले मेरी रोझ संग्रहालय एकाच जहाजासाठी, किंबहुना एका जहाजाच्या जेमतेम अर्ध्या भागासाठी बांधलेले आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या आरमारातील हे लढाऊ जहाज 1545 मध्ये बुडाले, 1982 मध्ये समुद्राबाहेर आले आणि 2013 मध्ये सध्याच्या इमारतीत लोकांसमोर मांडले गेले. जहाजांची अनेक संग्रहालये पाहताना आपल्यासमोर असते ती जुन्या जहाजाची रंगरंगोटी केलेली, दोरखंड बदललेली, तक्तपोशी नवी घातलेली आवृत्ती, आणि तिच्यातले जुने किती व नवे किती हे प्रेक्षकाला कळत नाही. इथे तो संदेह राहत नाही. जे हरवले ते हरवलेलेच ठेवायचे, त्याची नक्कल करून भर घालायची नाही, हा या संग्रहालयाचा सर्वांत मोठा निर्णय आहे आणि माझ्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे यशही आहे.

जहाजाची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय आतील मांडणीचा अर्थ लागत नाही. मेरी रोझची बांधणी पोर्टस्मथलाच 1510 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती पाण्यात उतरली. 34 वर्षे तिने सेवा केली. मधल्या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली, तोफा वाढल्या, वजनही वाढले. 19 जुलै 1545 रोजी, फ्रेंच आरमार सोलेंटच्या सामुद्रधुनीत येऊन ठेपले असताना, खुद्द राजा साउथसीच्या किल्ल्यातून लढाई पाहत असताना, ती कलंडली आणि बघता बघता बुडाली. बचावलेल्या एका फ्लेमिश खलाशाच्या तोंडून आलेली हकिकत अशी की, एका बाजूच्या तोफा डागून जहाज वळत होते, वाऱ्याचा जोरदार झोत आला, जहाज झुकले आणि उघड्या राहिलेल्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरले. फ्रेंचांचे म्हणणे होते की त्यांनी ते तोफेने बुडवले. जहाजावर सुमारे 500 माणसे होती आणि 35 हूनही कमी वाचली, कारण शत्रूने वर चढू नये म्हणून डेकवर ताणून बांधलेल्या जाळ्यांखाली स्वतःचीच माणसे अडकली.

जहाज उजव्या कुशीवर कलंडून मऊ चिकणमातीत रुतले. जो भाग चिखलात गेला तो हवेपासून, प्रवाहापासून आणि लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवांपासून वाचला. वर उघडी राहिलेली डावी बाजू भरती-ओहोटीच्या प्रवाहाने आणि किड्यांनी हळूहळू खाऊन टाकली व शेवटी ती कोसळून गेली. त्यामुळे उरले ते उजव्या अंगाचे धूड, नाळेकडचा भाग गेलेला, पण तळापासून वरच्या डेकपर्यंतचे मजले एकावर एक शाबूत असलेले. समोरून पाहताना मध्येच उभा चिरलेला जुना वाडा पाहावा तसे त्याचे सगळे मजले एकाच नजरेत दिसतात.

इमारतीची रचना याच गोष्टीवर बेतलेली आहे. बाहेरून ती काळसर लाकडी फळ्यांनी मढवलेली लंबवर्तुळाकार वास्तू दिसते आणि तिच्या पोटात, ज्या सुक्या गोदीत जहाज 1982 पासून ठेवले आहे, ती गोदी तशीच आहे. आत तीन पातळ्यांवरून जाणाऱ्या लांबट मार्गिकांच्या एका हाताला प्रत्यक्ष जहाज आणि दुसऱ्या हाताला, जिथे त्याची हरवलेली डावी बाजू असायला हवी होती तिथे, त्या त्या मजल्यावर सापडलेल्या वस्तू आरशातील प्रतिबिंबासारख्या समोरासमोर मांडल्या आहेत. म्हणजे मधल्या मजल्यावरून चालताना इकडे रिकामी तोफखिडकी दिसते आणि तिकडे, बरोबर तिच्यासमोर, तिच्यातून बाहेर डोकावणारी तोफ तिच्या गाड्यासह उभी असते. खालच्या पातळीवर एकीकडे तळाशी असलेल्या स्वयंपाकघराची जागा आणि दुसरीकडे तिथली भांडीकुंडी व सरपण. वस्तू काचेच्या पेटीत ठेवून तिच्याखाली नाव लिहिण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, तिच्यात ती वस्तू कुठून आली हे डोक्यात जुळवावे लागते. इथे ते पायांनीच जुळते. वस्तूचे स्थान हीच पुरातत्त्वातली निम्मी माहिती असते हे तत्त्व एकही व्याख्यान न देता समजावून देणारी याहून चांगली मांडणी माझ्या पाहण्यात नाही. काही अधिक वस्तू, विषयवार लावलेल्या, मार्गिकांच्या दोन्ही टोकांच्या दालनांत आहेत. तीही दालने चांगली आहेत, पण मधल्या मार्गिकांची जादू तिथे नाही.

उत्खननात 19,000 हून अधिक वस्तू मिळाल्या आणि त्यांतल्या बहुतेक राजेरजवाड्यांच्या नाहीत, हे विशेष. लाकडी ताटे, वाडगे, चामडी बूट, उवा काढण्याच्या बारीक दातांच्या फण्या, फासे, बासऱ्या, मेणबत्त्या ठेवण्याचे कंदील, सुताराच्या पेटीतील रंधे आणि त्याच्याच खोलीतील सोंगट्यांचा पट. ज्यांना अक्षरे येत नव्हती त्यांनी आपला वाडगा ओळखू यावा म्हणून त्यावर खुणा कोरल्या आहेत. न्हावी-शल्यवैद्याची पेटी हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे: मलमांच्या लाकडी डब्या, पिचकारी, वस्तऱ्यांच्या मुठी. पोलादी पाती गंजून नाहीशी झाली, लाकडी मुठी राहिल्या. लोखंड जाते आणि लाकूड टिकते, हा आपल्या रोजच्या अनुभवाच्या उलटा न्याय समुद्रतळाच्या गाळात चालतो. याच सामानात काळ्या मिरीचे दाणेही सापडले आहेत. त्या काळी युरोपच्या ताटात पडणारी मिरी मुख्यतः मलबारच्या किनाऱ्यावरून जात असे, हे लक्षात घेतल्यावर त्या इवल्या दाण्यांसमोर आपली पावले जरा जास्त वेळ थांबतात.

धनुष्यांबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. इंग्लंडच्या लांब धनुष्याची ख्याती मोठी असली तरी या जहाजाच्या शोधापूर्वी त्या काळातील धनुष्यांचे नमुने जवळपास उपलब्धच नव्हते. मेरी रोझमधून अखंड धनुष्येच 137 मिळाली आणि बाण हजारोंनी. यू नावाच्या झाडाच्या लाकडाची ती धनुष्ये ओढायला लागणारी ताकद पाहता, सांगाड्यांतील काहींच्या खांद्याच्या हाडांत आढळलेला फरक हा लहानपणापासून केलेल्या धनुर्विद्येच्या सरावाचा परिणाम असावा, असा कयास संशोधकांनी मांडला. शस्त्र आणि ते चालवणाऱ्या माणसाचे हाड एकाच ठिकाणी मिळावे, असा योग इतिहासात फार क्वचित येतो.

हाडांच्या प्रदर्शनाविषयी माझे मत पूर्ण अनुकूल नाही. किमान 179 व्यक्तींचे अवशेष सापडले; त्यांपैकी एका अनामिक खलाशाला 1984 मध्ये पोर्टस्मथच्या कॅथीड्रलमध्ये ट्यूडर काळातील, म्हणजे आठव्या हेन्रीच्या घराण्याच्या काळातील, विधींनुसार दफन करण्यात आले. बाकीच्यांपैकी काहींच्या कवट्यांवरून चेहरे घडवून, सुतार, बल्लव, धनुर्धर अशी त्यांची ओळख करून दिली आहे. चेहऱ्यांचे काम उत्तम आहे आणि अभ्यासाचे मोलही निर्विवाद आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आठ जणांच्या दातांतील रासायनिक खुणा तपासल्या गेल्या आणि त्यांतील तिघे ब्रिटनपेक्षा उष्ण प्रदेशात, बहुधा दक्षिण युरोपात, वाढलेले असावेत असे दिसले. म्हणजे आठव्या हेन्रीचे आरमार केवळ इंग्रज माणसांचे होते, हा समज मोडायला हाडेच कामी आली. तरीही अभ्यासासाठी जपणे आणि गर्दीसाठी मांडणे यांत फरक आहे, आणि माणसाचा संपूर्ण सांगाडा पाहताना शेजारी शाळकरी मुलांचा गलका चालू असणे मला रुचले नाही. सुताराच्या खोलीजवळ सापडलेल्या कुत्र्याचा सांगाडा मात्र मुलांचा सर्वांत आवडता आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला नाव ठेवले आहे हॅच.

आता शोधाकडे वळतो. बुडाल्यानंतर लगेच, त्याच वर्षी, व्हेनिसच्या कारागिरांकडून जहाज उचलण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. मग सुमारे तीनशे वर्षे काही नाही. 1836 मध्ये मच्छीमारांची जाळी सतत एका जागी अडकू लागली तेव्हा जॉन आणि चार्ल्स डीन या बंधूंनी, ज्यांनी पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचा सुरुवातीचा नमुना तयार केला होता, तिथे उतरून तोफा व काही धनुष्ये वर काढली. त्यांनी काम थांबवल्यावर जागा पुन्हा विस्मरणात गेली. 1965 मध्ये अलेक्झांडर मकी या लेखकाने आणि हौशी पाणबुड्यांच्या स्थानिक गटाने सोलेंटमधील जहाजांचा शोध सुरू केला. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, मोठी बोट नव्हती. पण नौदलाच्या जुन्या नकाशावरची डीन बंधूंच्या कामाची खूण त्यांना सापडली, आणि 1967 मध्ये हॅरल्ड एजर्टन या अमेरिकी अभियंत्याच्या, ध्वनिलहरींनी तळ तपासणाऱ्या ‘सोनार’ यंत्राने तळाखाली काहीतरी पुरलेले असल्याची रेघ कागदावर उमटवली. लाकडे प्रत्यक्ष हाती लागायला 1971 उजाडले. इतकी वर्षे दर सुट्टीच्या दिवशी गढूळ, थंड पाण्यात, हातभर अंतरावरचे दिसत नसताना तळ चाचपडत राहणाऱ्या माणसांची चिकाटी ही या कहाणीतली मला सर्वांत भावलेली गोष्ट.

मकींच्या गटाने आणखी एक शहाणपण दाखवले. कुणी लुटारू येऊन अवशेष उचकटू नयेत म्हणून त्यांनी समुद्रतळाचा तेवढा तुकडा भाडेपट्ट्याने घेतला. बुडालेल्या जहाजांना संरक्षण देणारा कायदा ब्रिटनमध्ये 1973 मध्ये झाला, तोवर तोच एक आधार होता. पुढे मार्गारेट रूल या पुरातत्त्वज्ञ उत्खननाच्या प्रमुख झाल्या. वरून नौकेत बसून पाणबुड्यांच्या सांगण्यावर विसंबायचे नाही म्हणून त्या स्वतः पाण्याखाली बुडी मारायला शिकल्या. 1979 ते 1982 या काळात शेकडो स्वयंसेवकांनी काम केले आणि सगळ्या प्रकल्पात मिळून 27,831 वेळा पाणबुडे खाली उतरले. जहाज उचलण्याआधी आतील जवळपास सगळे सामान जागेची नोंद करून वर आणले होते, म्हणूनच आज ती आरशाची मांडणी शक्य झाली आहे.

11 ऑक्टोबर 1982 चे जहाज वर काढतानाचे चित्रण आजही पाहण्यासारखे आहे. पाण्याखालीच लोखंडी चौकटीला तारांनी टांगलेले जहाज पोलादी पाळण्यात बसवले गेले आणि तोग मोर नावाच्या तरंगत्या क्रेनने ते सर्व उचलले. पाण्यावर आल्यानंतर चौकटीची एक खिट्टी निसटली आणि एक कोपरा मोठा आवाज करून खाली आदळला. जगभर थेट प्रक्षेपण चालू होते. जहाज सावरले, मोठे नुकसान झाले नाही, पण तो आवाज ऐकताना आजही छातीत धस्स होते.

बहुतेक प्रेक्षकांना वाटते की जहाज वर आले आणि काम संपले. खरे अवघड काम त्यानंतर सुरू झाले. शतकानुशतके पाण्यात मुरलेल्या लाकडाच्या पेशींतील मूळ द्रव्य झिजलेले असते आणि त्यांना आधार असतो तो आत भरलेल्या पाण्याचाच. ते पाणी नुसते सुकू दिले तर लाकूड आक्रसते, तडकते, वेडेवाकडे होते. म्हणून आधी अनेक वर्षे थंड गोड्या पाण्याचे फवारे अहोरात्र चालू ठेवले आणि 1994 पासून त्या पाण्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे द्रव्य मिसळले जाऊ लागले. प्रथम हलक्या रेणूंचे, जे खोलवर झिरपते, नंतर जड रेणूंचे, जे बाहेरचा थर घट्ट करते. 2013 मध्ये फवारे बंद झाले आणि नियंत्रित हवेने सुकवणे सुरू झाले. त्या वर्षी संग्रहालय उघडले तेव्हा जहाजाभोवती हवेच्या मोठ्या नळ्या होत्या आणि लोक लहान खिडक्यांतून डोकावत. 2016 मध्ये नळ्या व आडभिंती निघाल्या, आणि आता खालच्या पातळ्यांवर जमिनीपासून छतापर्यंतची काच आहे, तर सर्वांत वर दुहेरी दारांतून आत गेल्यावर जहाज आणि आपण एकाच हवेत असतो. डेकच्या तुळयांना ठिकठिकाणी टायटॅनियमचे टेकू दिले आहेत. टायटॅनियम गंजत नाही, आणि गंज हा इथला जुना शत्रू आहे.

त्या शत्रूचे कारण असे. गाळातील जिवाणूंनी तयार केलेला गंधक आणि खिळ्या-बोल्टांचे झिजलेले लोखंड ही दोन्ही लाकडात मुरलेली आहेत. हवेतील प्राणवायू मिळताच त्यांच्यापासून गंधकाम्ल तयार होऊ शकते आणि ते लाकूड आतून खाऊ लागते. स्टॉकहोमच्या वासा या जहाजातही हेच आढळले. त्यावर स्ट्रॉन्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म कणांसारखे उपाय संशोधकांनी सुचवले आहेत, पण उपचार झाला आणि रोगी घरी गेला असे या कामात कधी होत नाही. तापमान, आर्द्रता आणि लाकडाची हालचाल यांवर कायमचा पहारा ठेवावा लागतो. शोधाची आणि उचलण्याची नाट्यमय कथा सांगणे सोपे असते. रसायनाची ही संथ, खर्चिक आणि न संपणारी बाजू लोकांना आवडेल अशा रीतीने सांगणे कठीण, आणि ही बाजू इथे अजून ठळक, अजून सविस्तर मांडली असती तर मला अधिक आवडले असते.

उणिवा म्हणाव्यात अशा आणखी दोन गोष्टी. जपणुकीसाठी प्रकाश मंद ठेवावा लागतो हे मान्य, पण वयस्कर मंडळींनी अंधाराची तयारी ठेवूनच जावे. वस्तूंच्या पाट्या वाचताना डोळ्यांना ताण पडतो आणि काचेवर प्रतिबिंबे येतात. दुसरे म्हणजे, जहाजाच्या मजल्यांवर प्रकाशझोताने खलाशांची हलती चित्रे पाडली जातात. मुलांना ती आवडतात आणि कोणत्या जागी काय चालत असे हे त्यांतून कळते, पण ती चित्रे थांबून साधा प्रकाश पसरतो तेव्हाच त्या लाकडाचा खरा रंग आणि कुऱ्हाडीचे घाव दिसतात. त्या क्षणांची वाट पाहावी.

आपल्याकडील तुलना ओघाने मनात येतेच, पण ती न्याय्य ठेवायला हवी. गोव्यात दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी गेल्या काही दशकांत मुरगावजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष शोधले. तिथे हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि तोफा मिळाल्या. सेंट जॉर्ज खडकाजवळ बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्याचा 1865 सालचा शिक्का असलेली कौले सापडली. ही कामे मोलाची आहेत, पण खडकाळ तळ, पावसाळी लाटांचा मारा आणि उबदार पाण्यातील लाकूड पोखरणारे जीव यांच्यामुळे तिथे सोलेंटसारखे जहाजाचे धूड मिळण्याची आशा धरता येत नाही. मेरी रोझसारखे काही आपल्याकडे का नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर सरकारी उदासीनतेत नसून चिखलात आहे. उरलेल्या निम्म्याविषयी मात्र बोलता येईल: कौले, दात, भांडी यांनाही आपापल्या जागेसह मांडणारे एखादे दालन गोव्यात उभे करायला जहाज अखंड असण्याची गरज नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून थेट गाड्या आहेत आणि पोर्टस्मथ हार्बर हे शेवटचे स्थानक गोदीच्या दारापासून चालत काही मिनिटांवर आहे. तिकिटांचे दर आणि जोडतिकिटांचे प्रकार बदलत असतात, ते आधी पाहून घ्यावेत. मेरी रोझला निदान तीन तास द्यावेत आणि ते सकाळी द्यावेत, कारण दुपारी शाळांच्या सहली वाढतात. त्याच आवारात ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे व्हिक्टरी हे जहाज आहे, पण त्याची मोठी दुरुस्ती अनेक वर्षे चालणार असल्याने त्याचा बाहेरचा थाट सध्या मचाणांमागे झाकलेला आहे. दाराशीच तरंगणारे 1860 चे लोखंडी वॉरियर मात्र पूर्ण दिसते आणि त्यावर मनसोक्त हिंडता येते.

मुंबईकरांना एक सूचना. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मलबारी सागवानात बांधलेली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरवलेली ट्रिंकोमली ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, 1819 मध्ये याच पोर्टस्मथला पोहोचली होती आणि विसाव्या शतकात, फूद्रोयां या बदललेल्या नावाने, अनेक दशके याच बंदरात नांगरलेली होती. जुन्या पुस्तकांवर विसंबून काही जण तिला इथे शोधतात. 1987 मध्ये ती ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूलला नेली गेली, तिथे दहा वर्षांहून अधिक काळ तिचे जीर्णोद्धाराचे काम चालले, तिला मूळ नाव परत मिळाले, आणि ब्रिटनमध्ये अजूनही पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून ती आज तिथे पाहता येते. पोर्टस्मथहून तिथे जायला दिवसाचा बराच भाग रेल्वेत जातो, त्यामुळे दोन्ही एकाच सहलीत उरकण्याचा हट्ट धरू नये. न्यूकॅसल किंवा यॉर्कला मुक्काम असेल तेव्हा हार्टलपूल वेगळे करावे.